सिस्टिम कॉलचा माग : पॉवर प्रोसेसर आणि बेंगळुरूची दीड दशकांची कामगिरी

देशी बनावटीच्या प्रोसेसरची बातमी आली की तिच्यात ठरावीक आकडे असतात. प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, तो किती नॅनोमीटर तंत्राने घडवला, त्याची गती किती मेगाहर्ट्झ आहे. आयआयटी मद्रासमधील ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ आणि या प्रयत्नांना एकत्र आणण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलेला ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम यांच्याविषयीचे बहुतेक लेखन याच आकड्यांभोवती फिरते. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. परंतु एक प्रश्न त्यांच्या आड राहून जातो. नव्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम चालवला आणि तो मध्येच थबकला, चुकीचे उत्तर देऊ लागला किंवा मुकाट्याने बंद पडला, तर त्याने नेमके काय केले हे कळणार कसे?

या प्रश्नाचे उत्तर सिलिकॉनमध्ये सापडत नाही. ते कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बांधावे लागते, आणि प्रत्येक प्रोसेसर-रचनेसाठी त्याचा काही भाग नव्याने लिहावा लागतो. आयबीएमच्या पॉवर या रचनेसाठी आणि एकूणच लिनक्ससाठी या बांधकामाचा मोठा वाटा २००२ ते २०१७ या काळात बेंगळुरूत उचलला गेला. लिनक्सच्या मूळ संहितेच्या शीर्षटिपांमध्ये त्याच्या नोंदी आजही वाचायला मिळतात. भारतीय संगणनाच्या इतिहासात मात्र त्यांची दखल फारशी घेतली जात नाही.

उंबरठ्यावरची देवघेव

सामान्य प्रोग्रॅमला यंत्रावर थेट अधिकार नसतो. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, स्मृती मागून घेणे, जाळ्यावरून संदेश पाठवणे यांपैकी काहीही त्याला स्वतः करता येत नाही. त्यासाठी तो कर्नेलला विनंती करतो. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. दोन सिस्टिम कॉलांच्या मधला सारा वेळ प्रोग्रॅम स्वतःच्या स्मृतीत आकडेमोड करत असतो. बाहेरच्या जगाशी त्याचा व्यवहार प्रामुख्याने या एकाच उंबरठ्यावरून चालतो. म्हणून प्रोग्रॅमचे वर्तन समजून घ्यायचे असेल तर त्याची मूळ संहिता हाताशी नसली तरी चालते. उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवली की पुष्कळ काही उलगडते.

हा उंबरठा प्रत्येक प्रोसेसरवर निराळ्या पद्धतीने घडवलेला असतो. पॉवरवर त्यासाठी ‘एससी’ नावाची आज्ञा आहे. कोणता सिस्टिम कॉल हवा त्याचा क्रमांक आर-० या रजिस्टरमध्ये ठेवायचा, आणि आर-३ पासून आर-८ पर्यंतच्या सहा रजिस्टरांत युक्तिवाद, म्हणजे विनंतीचा तपशील, भरायचा. ‘राइट’ या कॉलचा क्रमांक पॉवरवर ४ आहे. पडद्यावर एखादी ओळ छापायची असेल तर आर-० मध्ये ४, आर-३ मध्ये पडद्याचा निर्देशांक १, आर-४ मध्ये मजकुराचा पत्ता आणि आर-५ मध्ये त्याची लांबी भरून ‘एससी’ आज्ञा दिली जाते. प्रोसेसर त्या क्षणी सामान्य अवस्थेतून विशेषाधिकाराच्या अवस्थेत जातो आणि ठरलेल्या पत्त्यावरून, हेक्साडेसिमलमध्ये सी००, कर्नेलची संहिता चालू करतो. काम झाले की उत्तर आर-३ मध्येच परत येते.

हेच काम ६४ बिटांच्या इंटेल घराण्यात ‘सिसकॉल’ या आज्ञेने होते आणि तेथे ‘राइट’चा क्रमांक १ आहे. शक्ती आणि वेगा ज्या रिस्क-फाइव्ह रचनेवर उभे आहेत तेथे आज्ञा ‘ईकॉल’, क्रमांक ए-७ या रजिस्टरमध्ये, आणि ‘राइट’चा क्रमांक ६४. क्रियापद एकच, पण प्रत्येक बोलीत उच्चार वेगळा. माग काढणाऱ्या साधनाला या सर्व बोली यायला हव्यात. एखाद्या बोलीतला एक प्रत्यय चुकला तरी ते साधन बंद पडत नाही. ते आत्मविश्वासाने चुकीची नोंद लिहीत राहते, आणि खरा धोका तिथेच आहे.

पहिला मार्ग : थांबवा आणि पाहा

माग काढण्याची सर्वांत जुनी सोय ‘पीट्रेस’ हा सिस्टिम कॉल. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, पीडीपी-११ या यंत्रावर, तो आढळतो. एका प्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसला थांबवावे, तिची स्मृती एका वेळी एक शब्द या गतीने वाचावी आणि मग तिला पुढे जाऊ द्यावे, इतकेच त्याचे मूळ काम. १९९१ मध्ये पॉल क्रानेनबर्ग यांनी सनओएससाठी ‘एसट्रेस’ हा प्रोग्रॅम लिहिला. ब्रँको लँकेस्टर यांनी तो लिनक्सवर आणला, आणि १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखांचे एकत्रीकरण केले. आजही कोणत्याही लिनक्स यंत्रावर एखाद्या आज्ञेच्या आधी ‘एसट्रेस’ लिहिले की तिचे सर्व सिस्टिम कॉल ओळीने पडद्यावर उतरतात.

ही पद्धत सोपी आहे, पण तिची किंमत मोठी आहे. प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोग्रॅम दोनदा थांबतो, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. प्रत्येक थांब्याला प्रोसेसरचा ताबा मागकऱ्याकडे जातो आणि परत येतो. सेकंदाला हजारो कॉल करणारा प्रोग्रॅम यामुळे इतका मंदावतो की त्याचे मूळ दुखणेच नाहीसे होऊ शकते. दोन प्रोसेसमधली चढाओढ, वेळेवर अवलंबून असलेला दोष, जाळ्यावरची कोंडी या गोष्टी मोजमाप सुरू करताच रूप बदलतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ही अडचण परिचित आहे. मापन-यंत्र मापनीय वस्तूला फार जोराने धक्का देत असेल तर हाती येणारा आकडा त्या वस्तूचा राहत नाही.

पॉवरवर आणखी एक गुंता आहे. आर-३ या रजिस्टरमध्ये पहिला युक्तिवादही असतो आणि उत्तरही तेथेच येते. बाहेर पडताना पाहिले तर पहिला युक्तिवाद पुसला गेलेला असतो. म्हणून लिनक्सच्या पॉवर शाखेत आत शिरतानाचे आर-३ चे मूल्य वेगळ्या जागी जपून ठेवावे लागते. एखादा कॉल मध्येच खंडित झाला आणि नव्याने सुरू करायचा असेल तर हीच जपलेली प्रत कामी येते. शिवाय कॉल फसला की नाही हे केवळ आर-३ पाहून कळत नाही. फसल्यास आर-३ मध्ये चुकीचा क्रमांक धन रूपात येतो आणि स्थितिदर्शक रजिस्टरमधला एक बिट पेटवला जातो. तो बिट न पाहणाऱ्या साधनाला ‘फाइल सापडली नाही’ हे २ क्रमांकाचे अपयश ‘२ अक्षरे वाचली’ या यशासारखेच दिसेल.

बेंगळुरूतील पॉवर यंत्रे

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॉवर ही बेंगळुरूसाठी केवळ दूरदेशीची रचना नव्हती. पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ट्रान्सप्युटरवर आधारित ‘परम ८०००’ उभा केला होता. त्याच मालिकेतला ‘परम पद्म’ बेंगळुरूच्या सी-डॅक केंद्रात बसवला गेला. त्यात १ गिगाहर्ट्झचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते, त्याची कमाल क्षमता सुमारे १ टेराफ्लॉप होती, आणि जून २००३ च्या ‘टॉप ५००’ यादीत तो १७१ व्या क्रमांकावर होता. त्यावर आयबीएमची एआयएक्स ही युनिक्स कुळातली कार्यप्रणाली चालत असे. एआयएक्सवर ‘एसट्रेस’चे काम ‘ट्रस’ नावाचे साधन करते.

भारतीय विज्ञान संस्थेच्या महासंगणन केंद्रात २००७ मध्ये आयबीएमचा ‘ब्लू जीन’ आला. तो पॉवरच्याच धाकट्या शाखेतल्या, ७०० मेगाहर्ट्झच्या पॉवरपीसी ४४० प्रोसेसरांवर उभा होता. सिस्टिम कॉलच्या दृष्टीने हे यंत्र विलक्षण होते. आकडेमोड करणाऱ्या घटकांवर पूर्ण लिनक्स नव्हते. तेथे एक अगदी लहान कर्नेल होते, आणि त्यावर नवी प्रोसेस निर्माण करण्याची सोय नव्हती. प्रोग्रॅमने फाइल वाचण्यासाठी सिस्टिम कॉल केला की ते लहान कर्नेल ती विनंती बांधून अंतर्गत जाळ्यावरून एका वेगळ्या घटकाकडे रवाना करत असे. लिनक्स त्या दुसऱ्या घटकावर होते. तेथे फाइल वाचली जाई आणि उत्तर परत पाठवले जाई. थोडक्यात, उंबरठा एका संगणकावर आणि घर दुसऱ्या संगणकावर. अशा यंत्रात प्रोग्रॅमशेजारी दुसरी प्रोसेस बसवून पीट्रेसने माग काढण्याची कल्पनाच गळून पडते. मोठ्या यंत्रावर माग काढणे ही कर्नेलच्या आतून सोडवण्याची समस्या आहे, हे अशा रचनांनी स्पष्ट केले.

दुसरा मार्ग : चालत्या कर्नेलमध्ये चाचणी-बिंदू

बेंगळुरूचे महत्त्वाचे काम या आतल्या बाजूचे आहे. त्याचे मूळ आयबीएमच्या ओएस/२ या जुन्या कार्यप्रणालीतल्या गतिमान मागोव्याच्या सोयीत होते. आयबीएमचे रिचर्ड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना ‘डीप्रोब्ज’ या नावाने लिनक्सवर आणली आणि २००१ च्या युसेनिक्स परिषदेत मांडली. कल्पना धाडसी होती. कर्नेल पुन्हा न बांधता, यंत्र बंद न करता, चालत्या कर्नेलच्या कोणत्याही आज्ञेवर चाचणी-बिंदू बसवायचा, तेथे हवी ती नोंद घ्यायची आणि काम झाल्यावर तो काढून टाकायचा. परंतु डीप्रोब्ज आकाराने मोठे होते आणि त्यात स्वतःचा एक भाषा-अर्थक होता. मुख्य लिनक्समध्ये त्याला जागा मिळाली नाही.

मग त्याचा अत्यावश्यक गाभा तेवढा वेगळा काढण्यात आला. आयबीएमच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरच्या बेंगळुरू गटाने तो घडवला. लिनक्समधील संबंधित फाइलच्या शीर्षटिपेनुसार पहिली रचना ऑक्टोबर २००२ मध्ये वंशी कृष्ण एस. यांनी केली, आणि तीत रस्टी रसेल यांच्या सूचनांचा समावेश होता. जुलै २००४ मध्ये सुपर्णा भट्टाचार्य यांनी फंक्शनचे युक्तिवाद वाचण्याची सोय जोडली, आणि त्यानंतरच्या महिन्यांत प्रसन्न पंचमुखी यांनी तिच्या अंतर्गत रचनेत सुधारणा केल्या. ‘केप्रोब्ज’ या नावाने हे काम ऑक्टोबर २००४ मध्ये लिनक्स २.६.९ या आवृत्तीत सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये अनंत माविनकायनहळ्ळी यांनी ते ६४ बिटांच्या पॉवरवर नेले, आणि मे २००५ मध्ये हिएन ग्वेन, जिम केनिस्टन व पंचमुखी यांनी फंक्शन परतण्याच्या क्षणावर चाचणी-बिंदू बसवण्याची सोय दिली.

काळ अनुकूल होता तसाच कसोटीचाही होता. जानेवारी २००५ मध्ये सन कंपनीने सोलारिस १० बरोबर ‘डीट्रेस’ प्रसिद्ध केले. चालत्या यंत्राला धक्का न लावता त्याच्या अंतरंगात डोकावता येते हे त्याने दाखवून दिले, आणि लिनक्सकडे असे काही का नाही हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी रेड हॅट, आयबीएम आणि इंटेल यांनी ‘सिस्टिमटॅप’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याची पायाभरणी केप्रोब्जवर होती.

केप्रोब्जची युक्ती सांगायला सोपी आहे. ज्या आज्ञेवर लक्ष ठेवायचे तिची प्रत बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी सापळा-आज्ञा लिहायची. प्रोसेसर तेथे पोहोचला की अपवाद उद्भवतो आणि ताबा केप्रोब्जकडे येतो. नोंद घेतली जाते, बाजूला ठेवलेल्या प्रतीतून मूळ आज्ञा पार पाडली जाते आणि प्रोग्रॅम जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे जातो. मूळ आज्ञा तिच्या जागेवर परत लिहून चालवायची आणि मग पुन्हा सापळा लावायचा, असाही पर्याय असतो. पण तेवढ्या क्षणभरात दुसरा प्रोसेसर तेथून गेला तर त्याची नोंदच होत नाही. म्हणून आज्ञा प्रतीतून, आपल्या जागेबाहेर चालवणे हा मार्ग पक्का झाला.

तरीही काही नोंदी निसटतात. नोंद घेणारी संहिता चालू असताना तिच्याच वाटेवर दुसरा चाचणी-बिंदू लागला तर त्याचे काम वगळावे लागते, नाहीतर यंत्र स्वतःच्याच सापळ्यात फिरत राहील. केप्रोब्ज अशा वगळलेल्या नोंदी मोजून ठेवते. कणभौतिकीत शोधक यंत्र एका घटनेची नोंद करत असताना दुसरी घटना हुकते, त्या काळाला मृतकाळ म्हणतात आणि त्याची दुरुस्ती केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष प्रसिद्ध होत नाही. इथेही तत्त्व तेच आहे. किती हुकले हे सांगणारा आकडा नसेल तर किती पकडले या आकड्याला अर्थ उरत नाही.

पॉवरची वळणे

सामान्य कल्पना एक असली तरी पॉवरवर ती उतरवताना लागलेली वळणे पाहण्यासारखी आहेत. इंटेलवर सापळा-आज्ञा एका बाइटची असते, कारण तेथे आज्ञांची लांबी कमी-जास्त असते. पॉवरवर त्या काळी प्रत्येक आज्ञा ४ बाइटांची आणि ४ च्या पाढ्यातल्याच पत्त्यावर असे. त्यामुळे सापळा एका झटक्यात लिहिता येतो आणि इतर प्रोसेसरांना अर्धवट आज्ञा कधी दिसत नाही. ही सोय. अडचण अशी की पॉवरवर आज्ञांची आणि विदेची जलद-स्मृती आपोआप एकमेकींशी जुळत नाही. स्मृतीत सापळा लिहिला तरी प्रोसेसर आपल्या जलद-स्मृतीतली जुनी आज्ञाच चालवत राहू शकतो. म्हणून लिहिल्यानंतर ती जागा जाणीवपूर्वक स्वच्छ करावी लागते. तसेच प्रोसेसरची विशेषाधिकार-अवस्था बदलणाऱ्या काही आज्ञांवर चाचणी-बिंदू बसवणे सरळ नाकारले जाते, कारण तेथून सुखरूप परतण्याची हमी देता येत नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण फंक्शनच्या नावांची होती. ६४ बिटांच्या पॉवरवर जुन्या संकेतानुसार फंक्शनचे नाव त्याच्या संहितेकडे बोट दाखवत नसे. ते तीन खणांच्या एका वर्णन-तक्त्याकडे बोट दाखवत असे, आणि संहितेचा खरा पत्ता त्या तक्त्याच्या पहिल्या खणात असे. संहितेचे स्वतःचे नाव टिंबाने सुरू होई. कोणी निष्काळजीपणे नावावरून सापळा लावला तर तो आज्ञेवर न बसता पत्त्याच्या खणावर बसेल, आणि पुढच्या वेळी त्या पत्त्यावर उडी मारणारे कर्नेल कोसळेल. म्हणून पॉवर शाखेत नावावरून पत्ता शोधण्याची वेगळी तजवीज करावी लागली. सिस्टिम कॉलच्या प्रवेशाची व निर्गमनाची कायमस्वरूपी नोंद-स्थाने २०११ मध्ये पॉवरवर आली, तेव्हाही हे टिंब आडवे आलेच. नावे जुळवणाऱ्या संहितेला ते ओळखायला शिकवावे लागले.

२०१४ च्या सुमारास, पॉवर-८ आणि लिटल-एंडियन लिनक्सच्या आगमनाबरोबर, नवा संकेत आला. वर्णन-तक्ते गेले, पण प्रत्येक फंक्शनला दोन प्रवेशद्वारे मिळाली. बाहेरून येणाऱ्यासाठी एक, आणि त्याच्या सामान्यतः दोन आज्ञा, म्हणजे ८ बाइट, पुढे घरातल्यांसाठी दुसरे. कर्नेलमधले बहुतेक कॉल घरातल्या दाराने येतात. चाचणी-बिंदू मात्र फंक्शनच्या नावावर, म्हणजे बाहेरच्या दारावर बसत असे. काहीही कोसळत नसे, काहीही तक्रार येत नसे, फक्त नोंद होत नसे. पाहणाऱ्याला वाटावे की हे फंक्शन कधी चाललेच नाही. कोसळणाऱ्या यंत्रापेक्षा असे शांत यंत्र अधिक घातक, कारण त्याच्या मौनावरून खोटा निष्कर्ष निघतो. चाचणी-बिंदू घरातल्या दारावर हलवण्याचे आणि आनुषंगिक दुरुस्त्यांचे काम पुढील काही वर्षांत झाले, आणि २०१७ पर्यंत चाललेल्या या दुरुस्त्यांमध्ये आयबीएमचे नवीन राव यांचा मोठा वाटा आहे.

याच काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. कर्नेलबाहेरच्या सामान्य प्रोग्रॅममध्ये असेच चाचणी-बिंदू बसवणारे ‘युप्रोब्ज’ अनेक वर्षांच्या चर्चेनंतर जुलै २०१२ च्या लिनक्स ३.५ मध्ये स्वीकारले गेले. ते तडीस नेणारे श्रीकर द्रोणमराजू हेही आयबीएमच्या भारतातील गटातले. पुढे २०१५ मध्ये, लिनक्स ४.१ पासून, चाचणी-बिंदूला ‘ईबीपीएफ’ हे छोटे, कर्नेलने आधी तपासून घेतलेले प्रोग्रॅम जोडता येऊ लागले. पॉवरवर हे प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणारा अनुवादक २०१६ मध्ये नवीन राव यांनी लिहिला. पीट्रेसने प्रोग्रॅम थांबवून जे पाहावे लागत असे, ते आता जागच्या जागी, प्रोग्रॅमला शेजाऱ्याकडे न पाठवता मोजता येते.

नवे दार, जुना धडा

पॉवर-९ बरोबर ‘एससीव्ही’ ही सिस्टिम कॉलची दुसरी आज्ञा आली, आणि २०२० च्या लिनक्स ५.९ ने तिचा वापर सुरू केला. ती अधिक वेगवान आहे, पण तिने अपयश सांगण्याची रीत बदलली. स्थितिदर्शक बिटाऐवजी आता आर-३ मध्ये ऋण संख्या येते. एकाच प्रोसेसरवर, एकाच प्रोग्रॅममध्ये, दोन दारे आणि दोन रीती. जुन्या रीतीने वाचणारे साधन नव्या दारातल्या अपयशाला यश समजेल. सुदैवाने, २०१९ च्या लिनक्स ५.३ मध्ये पीट्रेसला एक नवी विनंती मिळाली होती. तिच्यामुळे कर्नेल स्वतःच सांगते की हा प्रवेश आहे की निर्गमन, क्रमांक कोणता, युक्तिवाद कोणते, उत्तर काय आणि ते अपयश आहे की नाही. प्रत्येक साधनाने प्रत्येक प्रोसेसरच्या रीती पाठ करण्याऐवजी जाणकाराला एकदा विचारणे, हा सुमारे तीन दशकांच्या अनुभवातून आलेला शहाणपणाचा तोडगा.

याचा भारतीय रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांशी थेट संबंध आहे. रिस्क-फाइव्हवरही पहिला युक्तिवाद आणि उत्तर एकाच, ए-० या रजिस्टरमध्ये असतात, म्हणजे पॉवरच्या आर-३ चीच कथा. केप्रोब्ज रिस्क-फाइव्हवर २०२१ च्या लिनक्स ५.१२ मध्ये पोहोचले. त्यातला प्रोसेसर-विशिष्ट भाग नवा होता, पण सर्व प्रोसेसरांना सामाईक असलेला सांगाडा २००२ ते २००५ या काळात बेंगळुरूतून आकाराला आलेलाच होता. ‘शक्ती’ किंवा ‘वेगा’च्या कुळातल्या एखाद्या प्रोसेसरवर कोणी लिनक्स चालवून कर्नेलमध्ये चाचणी-बिंदू बसवतो, तेव्हा तो याच सांगाड्यावर उभा असतो.

हे काम एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पगारावर आणि तिच्या यंत्रांसाठी झाले, म्हणून ते ‘आपले’ नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याला उत्तर मुक्त परवान्यात आहे. संहिता लिनक्समध्ये गेली त्या दिवसापासून ती सर्वांची झाली. कंपनीचे धोरण बदलले, माणसे इतरत्र गेली, २००४ ची युक्तिवाद वाचण्याची सोय कालबाह्य ठरून २०१८ मध्ये काढूनही टाकली गेली, तरी गाभा टिकला. कोणत्याही शासकीय प्रकल्पाचा शिक्का नसलेले हे ज्ञान आज देशी प्रोसेसरच्या उपयोगी पडते आहे.

त्यातून धोरणकर्त्यांसाठीही एक गोष्ट निघते. चकती घडवण्याचा दिवस जाहीर करता येतो, त्याचे छायाचित्र काढता येते. चाचणी-बिंदू चुकीच्या दारावर बसतो हे ओळखून तो ८ बाइट पुढे सरकवण्याचा दिवस कोणी साजरा करत नाही. परंतु प्रोसेसर वापरण्याजोगा होतो तो अशा शेकडो दिवसांनी. संकलक, दोषशोधक, माग काढणारी साधने आणि त्यांची वर्षानुवर्षे देखभाल करणारी माणसे यांच्यासाठी निधीत आणि अभ्यासक्रमात जागा नसेल, तर नवा प्रोसेसर प्रदर्शनातच राहील.

विद्यार्थ्यांसाठी या क्षेत्राचे दार आजही उघडे आहे. कोणत्याही साध्या लिनक्स संगणकावर ‘एसट्रेस’ बसवून एखाद्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवावी आणि त्या एका क्षुल्लक आज्ञेमागे किती सिस्टिम कॉल उभे असतात ते मोजावे. मग लिनक्सच्या मूळ संहितेतली केप्रोब्जची फाइल उघडून तिची शीर्षटीप वाचावी. तिथे नावे आहेत, महिने आहेत, आणि नव्या नावांसाठी जागाही आहे.